विमलबाईंच्या सासूचं गुलबक्षी लुगडं

देवळाली प्रवरेत विमलबाई साळव्यांकडे ब्लाऊज शिवायला टाकायचं म्हणजे नुसतं कापड देऊन भागत नसे. कुठल्या सणाला, कुणाच्या लग्नात, सकाळी नेसायचं की संध्याकाळी, हे सगळं आधी सांगावं लागे. विमलबाई मशीन थांबवत, बाईला दारातल्या उजेडात उभी करत, साडीचा पदर तिच्या गळ्याशी धरत, डोळे बारीक करून बघत आणि मग निकाल देत. निकाल उलटा गेला तर साडीची घडी घालून तिच्याच हातात ठेवत. "हे मी शिवायची न्हाई," म्हणत आणि पुन्हा पायडल हाणायला लागत.

गौरीसाठी कुणी फिकी निळी आणली तर म्हणत, "अगं, गौरी उभ्या करनार, वर ट्यूबलाईट लावनार. त्यात ही साडी वाळत घातल्यागत दिसंल. गर्द आन."

करवलीनं चमकी लावून मागितली तर म्हणत, "तू करवली हायेस का नवरी? फोटो बघून लोक इचारतील, लगीन नेमकं कुनाचं हुतं?"

नव्या नवरीला पहिल्या संक्रांतीच्या काळ्या साडीवर मागचा गळा खोल हवा असायचा. तिला त्या समजावून सांगत, "दिवसभर वाकून पाया पडायचंय तुला. गळा खोल ठेवला तर आशीर्वादाकडं ध्यान राहायचं न्हाई, सगळं ध्यान पदरात. सण होऊन जाऊ दे, मग माहेरी जाताना खोल शिवून देते."

बायका हसत, चिडत, पण ऐकत. कारण विमलबाईंनी सांगितलेलं अंगावर घातलं, की हळदी-कुंकवाला चार जणी हटकून विचारायच्याच, कुठं शिवलंस गं?

हे सगळं सुरुवातीपासून असं नव्हतं. विमलबाई शिवण शिकल्या त्या लग्नानंतर. नवरा जालिंदर नगरला नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. आठवडाभर तिकडं खोली करून राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. एकदा येताना टेम्पोत जुनं पायमशीन घालूनच आला. सासू कडूबाईंनी मशीनला हात लावून बघितला आणि म्हणाल्या, "शिक बाई. माझ्या हातात खुरपं आलं, तुझ्या हातात सुई येऊ दे."

पहिली काही वर्षं त्यांच्याच वस्तीतल्या बायका येत. पेठेतल्या बायकांचं कापड येई, पण बाया येत नसत. जुनं ब्लाऊज मापाला म्हणून कुणाच्या तरी हाती पाठवायच्या. बौद्धवाड्यात आत येऊन, हात वर करून माप द्यायचं, हे त्यांच्या घरात चालायचं नाही. विमलबाईंना ते कळे. तरी त्या पाठवलेल्या मापानं बिनचूक शिवून देत.

मग एक दिवस पेठेतल्या किराणा दुकानदाराची सून राजेश्वरी तणतणत आली आणि पायरीखाली उभी राहिली.

"अहो, काखेत किती दाटतंय हे!"

"तुमी दिलेलं मापाचं ब्लाऊजच दाटत आसंल," विमलबाई म्हणाल्या. "जसं आलं तसं शिवलं. नीट पायजे तर माप घ्यावं लागंल. आन ताई, पायरीवर उभं राहून छातीचं माप घेता येत न्हाई."

राजेश्वरी घटकाभर तशीच उभी राहिली. मागं वळून रस्त्याकडं बघितलं. मग चपला काढून आत आली. कडूबाईंनी तांब्याभर पाणी तिच्यापुढं ठेवलं. उन्हातून आलेली, तिनं ते घटाघटा पिऊन टाकलं. पिऊन झाल्यावर आपण काय केलं ते तिच्या ध्यानात आलं असावं, कारण ती जराशी हसली आणि मग हात वर करून उभी राहिली.

माप घेता घेता विमलबाईंनी विचारलं, "तुमी कायम अशी फिकीच का नेसता? दुधाळ, नाय तर पिस्ता."

"आई म्हणायची, सावळ्या माणसानं गडद नेसू नये. जास्तच काळं दिसतं."

"तुमच्या आईला म्हनावं, मिरचीलाल आनून नेसवून बघ एकदा. तुमच्या रंगाला लाल असा फुलतोय ना, गोऱ्या बाईला सात जन्मात फुलायचा न्हाई."

दसऱ्याला राजेश्वरी मिरचीलाल साडी नेसून दुकानावरून सोनं वाटायला गेली. त्या दिवशी तिच्या नवऱ्यानं म्हणे साखर मागणाऱ्याला मीठ बांधून दिलं. ही गोष्ट गावभर झाली आणि दिवाळीच्या तोंडावर पेठेतल्या बायका स्वतःच्या पायांनी विमलबाईंच्या दारात आल्या. पाणीही पिऊ लागल्या. सगळ्या नाही, पण बऱ्याच.

अशी विमलबाईंची सत्ता वाढत गेली. त्यांच्या डोक्यात वयाचा एक हिशोब पक्का बसलेला होता. पोरीबाळींनी काहीही घालावं, फक्त त्यात पळता आलं पाहिजे. नव्या नवरीनं ठसठशीत काठ मिरवावेत. पस्तिशी उलटली की काठ बारीक, रंग मात्र गर्द. आणि साठीनंतर बदामी, राखी, नाही तर मोतिया. तिथं चर्चाच नाही. "म्हातारपनी अंगावर दिवे लावू नयेत," असं त्या म्हणत. गावातल्या म्हाताऱ्या बिचाऱ्या मुकाट्यानं बदामी नेसत.

त्यांची मुलगी प्रज्ञा राहुरीला कृषी विद्यापीठात शिकायला जाऊ लागली, तेव्हा विमलबाईंनी स्वतःच तिला पंजाबी ड्रेस शिवला. वस्तीत तेव्हा कॉलेजच्या पोरींनी ड्रेस घालावा का, यावर बरीच कुजबूज होती. जालिंदरही जरा घुटमळला. पण कडूबाईंनी नातीला सायकलवर टांग मारून जाताना बघितलं आणि त्यांचा जीव सुपाएवढा झाला.

"बेस हाय ह्ये," त्या म्हणाल्या. "आमच्या येळंला आसतं तर म्या बी घातला आसता."

"तुमी?" विमलबाईंना हसू आवरेना. "पंजाबी ड्रेस?"

"का? मला काय पाय न्हाईत?"

विमलबाईंनी ते हसण्यावारी नेलं. सासूबाईंच्या मनात काय आहे ते त्यांना सत्त्याण्णव साली, प्रज्ञाच्या लग्नाच्या वेळी कळलं.

नवरामुलगा नितीन जालिंदरच्याच वर्कशॉपमधला, नगरचा. स्थळ सगळ्यांना पसंत होतं. एप्रिलच्या शेवटी लग्न ठरलं आणि विमलबाईंनी दोन्हीकडच्या कपड्यांचा ताबा घेतला. नवरा-नवरी पांढऱ्यात, नवरीच्या साडीला बारीक सोनेरी किनार. आत्या, मावश्या, काकू यांना ज्याच्या-त्याच्या वयाप्रमाणे रंग वाटून दिले. स्वतःसाठी त्यांनी मोरपंखी घेतली. मुलीच्या लग्नात तेवढा हक्क होताच. नितीनच्या आईचं नाव छबूबाई, साठी उलटलेली, जाडजूड आणि मोकळ्या स्वभावाची बाई. तिच्यासाठी जालिंदरबरोबर निरोप गेला, "विहीनबाईंना म्हनावं, बदामी जरीकाठाची नेसा. आमच्या सासूबाई बी फिक्यातच हायेत. दोगी शेजारी बसल्या की घर कसं भारदस्त दिसंल." छबूबाईंनी बरं म्हणून कळवलं.

कडूबाईंसाठी राखी रंगाचं इरकली लुगडं आणलं. कडूबाईंनी पोतावरून हात फिरवला.

"बरं हाय," त्या म्हणाल्या आणि लुगडं फडताळात ठेवून दिलं.

कडूबाई एखाद्या गोष्टीला बरं म्हणाल्या म्हणजे ती त्यांना मुळीच आवडलेली नाही, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पण विमलबाईंना लग्नघाईत तिकडं बघायला वेळ नव्हता.

त्याच सुमारास लंकाबाई ब्लाऊज न्यायला आली. ती पाथर्डीकडची. दरवर्षी दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला यायची आणि कारखान्याजवळच्या खोपटात राहायची. उसाच्या पाचटानं हात कापतात म्हणून दिवसभर साडीवर नवऱ्याचा शर्ट चढवून फडात राबणारी ही बाई गावच्या जत्रेसाठी मात्र दरवर्षी एक भडक साडी घ्यायचीच. विमलबाईही तिला कधी अडवत नसत. सीझन संपत आला होता, टोळी माघारी निघायची होती.

"राहुरीच्या बाजारात चालले व्हय," लंकाबाई म्हणाली. "साडी घ्यायची हाय. आवंदा केशरी घेनार."

मशीनपाशी बसून हूक लावणाऱ्या कडूबाई उठल्या. कोनाड्यातली पिशवी घेतली, पायात चपला सरकवल्या.

"आत्या, कुठं?" विमलबाईंनी विचारलं.

"बाजारात. लंकाबाय हाय की संगं." आणि दोघी टेम्पोत बसून निघूनही गेल्या.

परत आल्या तेव्हा कडूबाईंच्या पिशवीत नऊवारी लुगडं होतं. गुलबक्षी. संध्याकाळी परसात गुलबक्षीची फुलं उमलतात तसा तो रंग होता, वर हिरवा काठ. खाटेवर उलगडलं तसा खोलीतला उजेडच बदलला.

"ह्ये कुनाला?" विमलबाईंनी विचारलं, पण त्यांना अंदाज आलाच होता.

"मला. प्रज्ञाच्या लग्नात नेसनार. तू चोळी शिव. बांधायची नको, हुकाची शिव. आन बाहीला जरा फुगा घाल."

"आत्या!"

"जरासा. लई न्हाई."

विमलबाई मशीनवरून उठल्या. "आत्या, अवं नगरचं पाव्हनं येनार. तुमचं वय काय, ह्यो रंग काय! लोक मला म्हनतील, गावाला शहानपन शिकवती आन घरात बघा. मी म्हाताऱ्या बायांना काय सांगत आले एवढी वर्षं?"

"तू सांगितलंस. आमाला कुनी इचारलं?"

कडूबाई खाटेवर बसल्या, लुगड्याचा काठ बोटांनी सारखा करत राहिल्या. आवाज चढवून बोलायची त्यांना सवय नव्हती.

"विमल, माझ्या लग्नात बापानं आनलं त्ये नेसले. मंग तुझा सासरा आनायचा. त्याला तांबडा आन हिरवा, दोनच रंग ठावं. त्याच्यामागं जालिंदर आनायला लागला, मंग तू. तुमी वंगाळ आनलं असं म्हनत न्हाई मी. पर आजपत्तुर माझ्या अंगावर आलं त्ये दुसऱ्याच्या पसंतीचं. दुकानात बसून, धा ठिकानी हात लावून, 'ह्ये न्हाई, त्ये दाखवा' असं म्या पहिल्यांदा म्हनले आज. दुकानदार सुदिक कट्टाळला." एवढं बोलून त्या हसल्या. "लई मजा आली."

दारात उभी असलेली लंकाबाई म्हणाली, "मावशीनं मला बी केशरी घिऊ दिली न्हाई. म्हनली, तुला जांभळं घे. घेतलं बगा!"

विमलबाईंनी सवयीनं लुगडं उचललं, सासूला दारातल्या उजेडात उभं केलं आणि पदर तिच्या गळ्याशी धरला. डोळे बारीक करून बघितलं. कडूबाईंचे केस पांढरेशुभ्र, चेहरा उन्हानं तांबूस, कपाळावरचं गोंदण हिरवं. त्या सगळ्याशी गुलबक्षी असं जमलं होतं, की विमलबाईंना स्वतःच्या डोळ्यांचा राग आला. राखी लुगड्यात हाच चेहरा विझल्यासारखा दिसायचा आणि इतकी वर्षं ते त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. कारण सासूला त्यांनी कधी या दारात उभं करून बघितलंच नव्हतं. साठी उलटली की बदामी, संपलं.

"काय गं?" कडूबाईंनी जरा भीतभीतच विचारलं. "लईच झालंय का?"

विमलबाईंना खोटा निकाल देता येत नव्हता. "शोभतंय," त्या म्हणाल्या. "फुगा बारीक घालते."

लग्नाच्या दिवशी समाजमंदिरापुढं मांडव घातला होता. बौद्ध लग्नाला मुहूर्त नसतो, पण एप्रिलच्या उन्हाला असतो. दहाच्या आत लागलं तर पाहुणे सुखानं जेवतील, म्हणून सगळ्यांची घाई चालली होती. वऱ्हाड नगरहून वेळेवर आलं. जयभीम झाला, चहा झाला. छबूबाई बदामी साडीत घामाघूम होऊन टेम्पोतून उतरल्या आणि समोर बघतात तर विहीणबाईंच्या सासूबाई गुलबक्षी लुगड्यात, फुग्याच्या बाहीत, खुर्चीत ताठ बसलेल्या आणि भोवती बायकांचा घोळका.

छबूबाईंनी विमलबाईंना हाताला धरून मांडवालगतच्या त्यांच्याच घरात नेलं आणि दार लोटलं.

"विमलताई, ह्ये काय बरं न्हाई केलं तुमी."

विमलबाईंनी विचारलं, "काय झालं?"

"मला सांगितलं बदामी नेसा. म्हातारी मान्सं फिक्यात शोभत्यात म्हनून. मी मुकाट्यानं नेसले. आन तुमच्या सासूबाई? माझ्याहून वयानं मोठ्या, आन तिथं फुलावानी बसल्यात! माझ्या एकुलत्या एका पोराचं लगीन, आन मीच धोंड्यावानी दिसतीय!"

बोलता बोलता छबूबाईंचे डोळे भरून आले. विमलबाईंनी तिच्याकडं बघितलं. खरं होतं ते. गोल, हसरा, गव्हाळ चेहरा आणि त्यावर ती उदास बदामी. चूक साडीची नव्हती, ती न बघता सांगणाऱ्याची होती. त्यांनी छबूबाईंना कधी पाहिलंही नव्हतं धड, नुसतं वय ऐकून रंग ठरवला होता.

"तुमाला काय आवडतं?" विमलबाईंनी विचारलं. आयुष्यात एखाद्या बाईला हा प्रश्न त्या पहिल्यांदाच विचारत होत्या.

छबूबाईंनी डोळे पुसले आणि विमलबाईंच्या अंगावरच्या साडीकडं बोट दाखवलं. "हे असलं. मोरपंखी."

विमलबाईंनी आपल्या पदराकडं एकदा बघितलं. मग कडी लावली आणि निऱ्या सोडल्या. "काढा ती बदामी."

साडी अंगाला येणारच होती, प्रश्न ब्लाऊजचा होता. छबूबाईंचं अंग विमलबाईंहून भरलेलं. पण चांगली शिवणारी बाई शिवणीच्या आत कापड राखून ठेवते, त्याला दाब म्हणतात. विमलबाईंनी स्वतःच्या ब्लाऊजला भरपूर दाब ठेवला होता, पुढं अंग सुटलं तर उसवायला बरं. ब्लेडनं दोन्ही बाजू उसवल्या, मशीनचं झाकण काढलं आणि नुसत्या परकरावर, अंगाला टॉवेल गुंडाळून पायडल हाणायला लागल्या.

बाहेरून जालिंदरनं दार ठोठावलं. "अगं, बौद्धाचार्य येऊन बसलेत! लगीन लागायचंय! शिलाई मशीनचा आवाज येतोय का आतून?"

"येतोय!" विमलबाई ओरडल्या. "बसू द्या त्यास्नी. पान्याचं इचारा."

"कुनाचं शिवतीयस आत्ता?"

"तुमच्या विहीनीचं!"

मांडवात ही बातमी पसरायला कितीसा वेळ लागणार? बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडायला लागल्या. खुर्चीवरून कडूबाई म्हणाल्या, "थांबा म्हनावं लग्नाला. नवरदेवाची आय नटल्याबिगर लागायचं न्हाई." आणि बौद्धाचार्य भले माणूस, ते म्हणाले, "थांबू की. माझीपण दुसरी मुलगी लग्नाची आहे, मला काय माहीत नाही का!"

दार उघडलं तेव्हा छबूबाई मोरपंखी साडीत बाहेर आल्या. मागून विमलबाई, मुलीच्या लग्नात, बदामी साडीत. ब्लाऊज त्यांचं रोजचं, पांढरं. पांढऱ्या साडीत बसलेल्या प्रज्ञानं आईकडं बघितलं आणि नवरीनं गंभीर राहायचं असतं हे विसरून फिदीफिदी हसली.

"आई, तू म्हातारी झालीस एकदम!"

"गप बस, आन पदर सरळ कर."

त्रिशरण, पंचशील झालं, पुष्पहार पडले, लग्न लागलं. जेवणाच्या पंगतीत छबूबाई आणि कडूबाई शेजारी शेजारी बसल्या, एक मोरपंखी, एक गुलबक्षी. नगरहून आलेला फोटोवाला सारखा तिकडंच कॅमेरा वळवत होता. जालिंदर वाढता वाढता बायकोपाशी थांबला आणि हळूच म्हणाला, "मला काय कळत न्हाई रंगातलं. पर तू आज बरी दिसतीस." विमलबाईंनी त्याच्याकडं रोखून बघितलं. 'बरी' म्हणाला, आणि कडूबाईंचा मुलगाच तो. पण तो खरंच म्हणत होता, हे त्याच्या तोंडावरून कळलं आणि त्या लाजल्या.

त्या लग्नानंतर गावातल्या म्हाताऱ्यांना काय झालं कोण जाणे. आधी कडूबाईंची मैत्रीण आली, तिला डाळिंबी हवं होतं. मग पेठेतून राजेश्वरीची सासू आली, पंच्याहत्तरीची, काठी टेकत. तिनं पिशवीतून पोपटी काढलं आणि सुनेकडं चोरून बघितलं. राजेश्वरी म्हणाली, "माझ्याकडं काय बघता? मला काय विचारता?"

विमलबाईंचा निकाल द्यायचा सोस काही गेला नाही. अजूनही त्या उजेडात उभं करत, डोळे बारीक करत, नाही म्हणायचं तिथं नाही म्हणत. फक्त आता पदर गळ्याशी धरण्याआधी "तुला स्वतःला काय आवडतं?" असं विचारत. आणि साठीपुढच्या बाईचं असेल, तर निकाल द्यायला एकट्या त्याच नसत. मशीनशेजारी हूक लावत बसलेल्या कडूबाई मान वर करत.

"विमल, ह्यो फिका पडतोय तिला."

"आत्या, तुमाला सगळंच फिकं दिसतंय हल्ली."

"न्हाई गं, बघ ना नीट. डोळं तपास."

असा वाद चाले आणि ज्या बाईचं ब्लाऊज असे ती मधे बसून दोघींची तोंडं बघत चहा पिई.

पुढच्या वर्षी एप्रिलात जयंतीची मिरवणूक निघायची होती. विमलबाई सासूला काही सांगायच्या भानगडीत पडल्या नाहीत. गुलबक्षी नेसतील, नाही तर नव्यानं घेतलेलं केशरी, त्यांची त्या बघतील असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पण सकाळी बघतात तर कडूबाई पांढरंशुभ्र, निळ्या काठाचं लुगडं नेसून, खळ घातलेल्या पदराच्या घड्या हातानं दाबत उभ्या.

"आज पांढरं?" विमलबाईंनी विचारलं.

"मंग? आजचा दिस काय माझ्या एकटीच्या हौशेचा हाय?" कडूबाई म्हणाल्या. "आज समद्यांनी एक दिसायचं."

बाहेर ताशा वाजायला लागला होता. विमलबाई घाईघाईनं निऱ्या खोचत दाराकडं निघाल्या, तसं सासूनं त्यांना थांबवलं, खाली वाकून त्यांच्या निऱ्यांचं टोक धरलं आणि खाली ओढून सारखं केलं.

"गावाला शिकवतीस आन निऱ्या वर-खाली," त्या पुटपुटल्या. "चल आता."